विहिरीचे पाणी संगणक सांगेल काय?

गेल्या दिवाळीनंतर अकरावीतल्या एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, आमच्या विहिरीत मार्चअखेर किती पाणी असेल, हे कॉम्प्युटर सांगेल का? कांदा लावावा की हरभरा, या विचारात वडील आहेत." हरभऱ्याला पाणी थोडे लागते, कांद्याला बरेच. अंदाज चुकला तर उभे पीक वाळते आणि खर्च अंगावर येतो. तेव्हा हा प्रश्न काही गमतीचा नव्हता.

भूजलाच्या पातळीचा अंदाज बांधण्याच्या मुख्यतः तीन पद्धती आहेत. पहिली जमाखर्चाची. पाऊस मुरला ती जमा, आपण उपसले आणि ओढ्याला पाझरून गेले तो खर्च. महाराष्ट्राचा सुमारे चार-पंचमांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. झिजलेल्या बेसाल्टच्या १०० घनमीटरमधून साधारण १ ते ३ घनमीटर पाणीच निथळून मिळते. समजा, पावसाळ्यात ६० मिलिमीटर पाणी मुरले आणि हे प्रमाण २ टक्के आहे. मग पातळी ६० भागिले ०.०२, म्हणजे ३,००० मिलिमीटर अथवा ३ मीटर चढेल. हिशेब सोपा खरा. परंतु प्रमाण १ टक्का धरले तर उत्तर ६ मीटर येते आणि ३ टक्के धरले तर २ मीटर! सारी मदार त्या एका आकड्यावर.

दुसरी पद्धत भौतिकीची. फ्रान्समधील दिजाँ शहरात आँरी दार्सी या अभियंत्याने वाळूच्या नळकांड्यांतून पाणी सोडून १८५६ साली एक नियम मांडला : पाण्याचा प्रवाह पातळीच्या उताराच्या प्रमाणात असतो. या नियमाच्या आधारे जमिनीचे बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातील पातळी संगणकाने काढता येते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची 'मॉडफ्लो' ही आज्ञावली १९८४ पासून हेच काम करीत आली आहे. मात्र प्रत्येक चौकोनातून पाणी किती सहज वाहते, हे आपण सांगावे लागते. आपल्या खडकात पाणी भेगांतून वाहते; एका विहिरीला झरा लागतो आणि शंभर पावलांवरची दुसरी कोरडी निघते. मग चौकोनात आकडा कोणता भरायचा?

तिसरी पद्धत खडकाकडे पाहतच नाही. मागील अनेक वर्षांचा पाऊस आणि पातळी यांच्या नोंदींतून ती संबंध शोधते. संख्याशास्त्रातील जुनी सूत्रे आणि आजची 'न्यूरल नेटवर्क' ही दोन्ही याच घराण्यातली. पाऊस पडल्यावर किती दिवसांनी पाणी चढते, हे ती नोंदींवरूनच शिकतात. पण वर्षाला चार नोंदी धरल्या तर ४० वर्षांत जमतात १६० आकडे. एवढ्या शिदोरीवर मोठे यंत्र शिकणार किती? शिवाय, गावात यंदा वीस नव्या कूपनलिका खोदल्या गेल्या तर मागील नोंदींत त्यांचा मागमूसही नसतो.

मग श्रेष्ठ पद्धत कोणती? माझे मत असे, की हा प्रश्नच अपुरा आहे. मार्चमधील पातळी हवी असेल आणि नोंदी भरपूर असतील, तर तिसरी पद्धत चालेल. 'वीस कूपनलिका खोदल्या तर काय होईल?' असे विचारायचे असेल, तर भौतिकीला पर्याय नाही. नोंदी थोड्या असतील, तर साधा जमाखर्चच बरा.

पद्धत कोणतीही असो, तिची परीक्षा मात्र कडक हवी. संगणकाचा आलेख जुन्या सर्व बिंदूंतून सुबक गेला, की लोक माना डोलावतात. पण गाईडमधली उत्तरे पाठ करणारा विद्यार्थी त्याच प्रश्नांना पैकीच्या पैकी गुण मिळवतोच! म्हणून शेवटच्या पाच वर्षांच्या नोंदी झाकून ठेवाव्यात आणि त्यांचा अंदाज करवून घ्यावा. त्याची तुलना 'गेल्या वर्षी याच महिन्यात होती तेवढीच पातळी' या आळशी अंदाजाशी करावी. जी पद्धत या आळशालाही हरवू शकत नाही, तिचा थाट कितीही मोठा असला तरी तिच्या भरवशावर कोणी कांदा लावू नये.

त्या विद्यार्थ्याला मी उलट विचारले, "मागच्या दिवाळीत पाणी काठापासून किती खोल होते?" त्याला सांगता आले नाही. मोटर रोज किती तास चालते, तेही कोणी लिहून ठेवले नव्हते. तिन्ही पद्धती तेथेच अडल्या. वडिलांनी सावधगिरीने हरभरा पेरला.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे ग्रामस्थ पाऊस आणि विहिरींची पातळी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात व त्यावरून पिके ठरवतात. त्याची सुरुवात तुम्हालाही करता येईल. मोठ्या माणसाला सोबत घ्या. दोरीला वजन बांधा, दर आठवड्याला पहाटे मोटर सुरू होण्यापूर्वी काठावरच्या एकाच खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजा आणि तारखेसह वहीत लिहा. शेजारी पाऊस आणि मोटरचे तासही लिहा. माझ्या त्या विद्यार्थ्याने अशी वही सुरू केली आहे. पुढच्या दिवाळीत तो तोच प्रश्न घेऊन आला, तर उत्तर शोधायला आमच्याजवळ निदान काही आकडे असतील.