मध्येच बंद पडणारा संगणक आणि मेमरीची पट्टी



संगणक ही आता काही शहरातल्या कचेरीपुरती वस्तू राहिलेली नाही. दूध संस्थेत तो आहे, सोसायटीत आहे, आणि पुष्कळ घरांत मुलांच्या अभ्यासासाठी जुना विकत घेतलेलाही आहे. बिघडला की आपण तो दुरुस्तीवाल्याकडे नेतो आणि तो मागेल ते पैसे देतो. आज त्याच्या एका अशा दुखण्याविषयी सांगतो, की ज्याचे निदान बहुतेक वेळा घरच्या घरी, फुकटात होते. वेळीच झाले नाही, तर मात्र हिशेब नासतात.

आमच्या गावच्या दूध संस्थेत हेच झाले. सकाळी दूध घालण्याची गर्दी असायची आणि नेमका तेव्हाच पडदा निळा व्हायचा. त्यावर इंग्रजीत चार ओळी, आणि यंत्र आपोआप पुन्हा सुरू. नोंदी करणारी आमच्या भावकीतलीच एक सून. हात चांगला चालतो तिचा. पण किटल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या मंडळींना दम कुठला? ‘हिला यंत्र झेपत नाही’ असे लोक तिच्या तोंडावर बोलू लागले. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याने दोनदा फॉरमॅट मारला आणि दोनदा पैसे घेतले. चार दिवस बरे जात, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, मदरबोर्ड गेला, आता नवा संगणकच घ्या. त्यातच दहा दिवसांचे बिल काढताना एका सभासदाचे लिटर जुळेनात, आणि बोट पुन्हा त्या सुनेकडेच गेले.

खरा दोष होता मेमरीच्या पट्टीत. दुरुस्तीवाले हिला रॅम म्हणतात. वीतभराहून थोडी लहान, काळ्या चिपा बसवलेली हिरवी किंवा काळी पट्टी असते. तिचे काम समजले की दुखणेही समजेल. घरात धान्य कणगीत असते, पण निवडायला घेतो ते सुपात. संगणकाची डिस्क म्हणजे कणगी. वीज गेली तरी तिच्यातले तसेच राहते. मेमरी म्हणजे सूप. जे काम चालू आहे ते सारे त्या वेळी सुपात असते आणि वीज गेली की सांडते. आता सूपच फाटके असेल, तर निवडून पुन्हा कणगीत काय जाणार?

4 जीबीच्या एका पट्टीत सुमारे 3,436 कोटी कप्पे असतात. प्रत्येक कप्प्यात विजेचा अगदी किंचित भार असतो, तो असला तर एक आणि नसला तर शून्य. हा भार गळका असतो. म्हणून साधारणपणे दर 64 मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाला 15 वेळा, यंत्र तो पुन्हा भरते. झिरपणारा माठ सारखा भरत राहावा तसे. एवढ्या कोटींतला एखादा कप्पा जास्त गळू लागला की एकाचा शून्य होतो किंवा शून्याचा एक. समजा 12 हा आकडा आहे. यंत्राच्या भाषेत तो 01100. पहिल्या शून्याचा एक झाला की 11100, म्हणजे 28. बारा लिटरचे अठ्ठावीस लिटर झाले आणि कुणाला पत्ताही लागला नाही! मोठमोठ्या सर्व्हर यंत्रांत अशी चूक पकडायला जास्तीची चिप असलेली मेमरी वापरतात. आपल्या साध्या संगणकात ती सोय सहसा नसते.

मग हे दुखणे रोज का दिसत नाही? कारण त्या बिघडलेल्या कप्प्यात कधी काय जाऊन बसेल याचा नेम नसतो. एक दिवस तिथे चित्राचा एखादा ठिपका असतो, काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी तिथेच विंडोजची एखादी आज्ञा येते, आणि यंत्र कोसळते. म्हणूनच निळ्या पडद्यावरचा संदेश दर वेळी वेगळा असतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, तर कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’. संदेश बदलता असला की मेमरीचा संशय पक्का धरावा. फॉरमॅट मारताना तो अर्ध्यावर अडकणे, उतरवून घेतलेली फाइल उघडताना ‘खराब आहे’ असे येणे, ही तशीच लक्षणे. उन्हाळ्यात गळती वाढते, तेव्हा दुपारी जास्त त्रास होतो. निळा पडदा न येता दिवा विझावा तसे यंत्र एकदम बंद होत असेल, तर मात्र आधी एसएमपीएस, पंखा आणि आतली धूळ पाहावी.

तपासणीआधी एक काम करावे. महत्त्वाचे हिशेब दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत, पण जुनी प्रत पुसून तिच्यावर नवी ठेवू नये. नवीत चूक शिरलेली असू शकते. आणि निदान होईपर्यंत त्या यंत्रावर नव्या नोंदी करू नयेत, वहीत कराव्यात.

विंडोजमध्येच ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ नावाची तपासणी असते. स्टार्टमध्ये नाव शोधून ती सुरू करावी. यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते आणि तपासणी चालते. तिने दोष दाखवला तर दोष आहे असे समजावे, पण तिने ‘ठीक आहे’ म्हटले म्हणून निर्धास्त होऊ नये. बारीक दोष तिच्या हातून सुटतात. अधिक कसून पाहायचे तर ‘मेमटेस्ट 86 प्लस’ हा फुकट मिळणारा प्रोग्राम वापरावा. याचे मूळ ख्रिस ब्रॅडी यांनी 1990 नंतरच्या दशकात लिहिलेल्या मेमटेस्टमध्ये आहे. गावातल्या जाणत्या मुलाकडून तो रिकाम्या पेनड्राइव्हवर घालून घ्यावा. त्या पेनड्राइव्हवरचे सारे पुसले जाते हे ध्यानात ठेवावे. मग बूट मेनूतून पेनड्राइव्ह निवडून संगणक सुरू करावा. प्रोग्राम कप्प्याकप्प्यात शून्य आणि एक भरतो, मग पुन्हा वाचून तेच आले का ते पाहतो. एका फेरीला मेमरीप्रमाणे तास-दोन तासही लागतात. रात्रभर चालू ठेवावा आणि वीज जाणार असेल तर इन्व्हर्टरवर लावावा. बियाण्याच्या उगवण चाचणीत शंभरातले दहा दाणे वाया गेले तरी आपण चालवून घेतो. इथे तसे नाही. एक चूक दिसली तरी नापास.

चूक दिसली म्हणून लगेच नवी पट्टी आणायला धावू नका. संगणक बंद करावा, वायर भिंतीतून काढावी, चालू करायचे बटण काही सेकंद दाबून धरावे. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. सिंथेटिक साडी किंवा स्वेटर घालून हे काम करू नये. खोबणीच्या टोकांचे चिमटे मागे सारले की पट्टी सुटते. तिच्या सोनेरी दातांवर बऱ्याचदा मळ किंवा दमटपणाचा थर असतो. मुलांचा मऊ पांढरा खोडरबर त्यावर हलक्या हाताने फिरवावा आणि कीस झटकून टाकावा. पट्टीची खाच जुळवून, ‘खट’ आवाज येईपर्यंत ती बसवावी आणि पुन्हा तपासावी. कित्येकदा दुखणे इथेच संपते.

संपले नाही तर एकेक पट्टी वेगळी तपासावी, तीही दोन्ही खोबणींत. एकच पट्टी कुठेही लावली तरी चुकते, तर दोष तिचा. कुठलीही पट्टी एकाच खोबणीत चुकते, तर दोष त्या खोबणीचा. दोन्ही पट्ट्या सगळीकडे चुकल्या, तर मग एसएमपीएस किंवा मदरबोर्ड दुरुस्तीवाल्याला दाखवावा. नवी पट्टी घेताना जुनी सोबत न्यावी. डीडीआर-3 आणि डीडीआर-4 यांच्या खाचा वेगळ्या असतात, एक दुसरीच्या जागी बसत नाही.

आमच्या संस्थेत दोन पट्ट्या होत्या. पहिली लावली आणि वीस मिनिटांत लाल अक्षरे उमटली. खोडरबर फिरवला, खोबणी बदलली, तरी लालच. दुसरी रात्रभर चालली, एकही चूक नाही. तिच्या एकटीवर यंत्र थोडे हळू पण नीट चालू लागले. खराब पट्टी हमीत होती आणि पावती सचिवांच्या कपाटात सापडली, म्हणून ती बदलून मिळाली. पट्ट्यांची हमी पुष्कळदा बऱ्याच वर्षांची असते, तेव्हा आपलीही पावती शोधून ठेवा.

न जुळणाऱ्या बिलाचे काय झाले? त्या सुनेने पहिल्या दिवसापासून सगळे लिटर हाताने वहीतही लिहिले होते. बिल त्या वहीवरून पुन्हा काढले. ज्या सभासदाचे लिटर जुळत नव्हते, त्यानेच मग रांगेत सगळ्यांदेखत तिची माफी मागितली. वही तिने अजून बंद केलेली नाही.