उलटली तर बाहेर येता आले पाहिजे

भोपाळहून एका वडिलांचे पत्र आले आहे. मुलगी कॉलेजात आहे, वजन 50 किलो. तिथल्या मोठ्या तलावावर ती शर्यतीची कयाक चालवत असे. गेल्या हिवाळ्यात ऋषिकेशजवळ शिवपुरीला जाऊन खळाळत्या पाण्यातल्या कयाकचे प्राथमिक शिक्षण घेऊन आली आणि आता तिला स्वतःची कयाक हवी आहे. ओळखीतून एक जुनी मिळते आहे. विकणारा म्हणतो, "ही कोणालाही चालते." आईचे म्हणणे, उलटली आणि पोरगी आत अडकली तर? वडील विचारतात, घ्यावी की नाही?

आईंच्या प्रश्नाला आधी उत्तर देतो, कारण कयाकची निवड तिथूनच सुरू होते. नदीत कयाक उलटते. नवशिक्याची तर हमखास उलटते. त्यावर दोन उपाय. एक म्हणजे वल्ह्याच्या आणि कमरेच्या झटक्याने नावेसकट पुन्हा सरळ होणे. ही युक्ती मुळात उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट शिकाऱ्यांची. ती अंगवळणी पडायला वेळ लागतो. दुसरा उपाय पहिल्याच दिवशी शिकवतात. कमरेभोवतीचा रबरी पडदा, म्हणजे स्प्रे स्कर्ट, त्याच्या पुढच्या पट्ट्याने ओढून सोडवायचा, कडेवर हात टेकायचे आणि पाय मोकळे करून बाहेर यायचे. हे दोन्ही जमेल अशी कयाक हवी. आत अंग पक्के बसले पाहिजे, पण मनात आले की निसटताही आले पाहिजे.

म्हणूनच "कोणालाही चालते" हे वाक्य ऐकले की सावध व्हावे. चप्पल कोणालाही चालत नाही, मग कयाक कशी चालेल? प्रत्येक नावेला बनवणाऱ्याने चालकाच्या वजनाची मर्यादा दिलेली असते आणि एकच बनावट लहान, मध्यम, मोठ्या मापांत येते. आपल्याकडे जुन्या मिळणाऱ्या कयाक पुष्कळदा धिप्पाड पुरुषांच्या मापाच्या असतात. त्यात 50 किलोची मुलगी बसली की गुडघे वरच्या आधारांना पोचत नाहीत, कंबर दोन्हीकडे हलते, नाव एका कुशीवर झुकवता येत नाही आणि उलटल्यावर सरळ करणे तर दूरच. उलट फार लहान नाव घेतली तर ती पाण्यात खोल बसते आणि प्रवाह तिच्या कडा पकडतो. मुलीचे वजन हेल्मेट, लाइफ जॅकेट, पाण्याची बाटली यांच्यासह धरा. ते दिलेल्या मर्यादेच्या अगदी वरच्या टोकाला जायला नको.

आता आकार. तलावावरची एकेरी शर्यतीची कयाक 5.20 मीटरपर्यंत लांब आणि सुईसारखी निमुळती. नदीची साधारण अडीच मीटर, फुगीर, दोन्ही टोके वर उचललेली. त्यामुळे ती लाटेखाली न घुसता वर चढते आणि खडकाभोवती चटकन वळते. तलावाची सवय असलेल्या मुलीला ती पहिल्यांदा अगदी वेडीवाकडी वाटेल. नाक सरळ राहतच नाही! पण नदीत तेच हवे असते. नदीच्या कयाकमध्येही एक फार आखूड, चपट्या टोकांची जात आहे. दिसायला ती सर्वांत देखणी, आणि तरुण मुलांचा जीव तिच्यावरच जडतो. ती लाटेवर कसरती करणाऱ्यांसाठी. पातळ टोक पाण्याखाली गेले की ती उलटते. शिकाऊ हाताला नको. पहिली नाव भरपूर फुगाऱ्याची आणि गोलसर कडांची असावी. खडकामागच्या संथ पाण्यातून वेगवान धारेत शिरताना चूक झाली तरी अशी नाव थोडी सवलत देते. धारदार कडेची देत नाही.

जुनी नाव पाहायला दिवसाउजेडी जा. या कयाक जाड पॉलिथिनच्या असतात. बूड उन्हाकडे धरून आतून बघा. बैठकीखालचा भाग दगडांवर घासून पातळ झालेला असेल तर तिथून जास्त उजेड येईल. रंग पांढुरका, खडूसारखा झाला असेल तर नाव उन्हात पडून राहिली आहे. भेगेवर डाग दिलेला दिसला तर पुढे घासाघीस करूच नका. आत मधोमध फोमचा खांब असतो, तो जागेवर हवा. पाण्याच्या दाबाने वरचा भाग पायांवर दबू नये म्हणून तो असतो. पायांचा आधार मुलीच्या उंचीला सरकवता यावा. मग तिला बूट घालून अर्धा तास आत बसवा. पाय बधिर झाले तर आतले आधार बदलून पुन्हा बसवा, तरीही बधिर झाले तर ती नाव तिची नव्हे. स्कर्टही त्याच नावेच्या कडेच्या मापाचा हवा, आणि त्याचा पट्टा कायम बाहेर राहिला पाहिजे. हे आईंनी स्वतः तपासले तरी चालेल.

शेवटची परीक्षा तलावात. काठाजवळ, छातीभर पाण्यात, जाणते माणूस शेजारी उभे असताना नाव मुद्दाम उलटवा आणि मुलीला बाहेर येऊ द्या. हे विकत घेण्यापूर्वी. विकणारा नाही म्हणाला तर सौदा सोडा.

मामा पुण्याला असल्याचे पत्रात लिहिले आहे. मग घाई कशाला? कोलाडला कुंडलिका नदीत भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटलेले मुळशीचे पाणी येते, त्यामुळे उन्हाळ्यातही तिथे प्रवाह मिळतो. एखाद्या सुट्टीत तिथे प्रशिक्षकाबरोबर, भाड्याच्या दोन-तीन निरनिराळ्या नावांत बसून पाहू द्या. कोणती आपली, हे तिचे तिलाच कळेल. तोवर आपण घरी जिन्याचे वळण मोजून ठेवा. 20 किलोची, अडीच मीटरची वस्तू तिसऱ्या मजल्यावर न्यायची आहे.