तुरा आलेला ऊस आणि चित्रकार



या पानावर मी बहुतेक वेळा बेणे बदला, पाचट जाळू नका, माती तपासून घ्या, हेच सांगत असतो. या खेपेस एका चित्रप्रदर्शनाबद्दल लिहितो आहे. ऊस अधिकाऱ्याला चित्रांतले काय कळते, असे कोणी म्हणेल. चित्रांतले फारसे कळत नाही हे खरे. पण उसातले थोडेफार कळते, आणि ही चित्रे आपल्या उसाचीच होती.

कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात आपल्याच भागातल्या एका चित्रकाराच्या निसर्गचित्रांचे प्रदर्शन भरले होते. पंचगंगेचा घाट, पाणी अडवलेला कोल्हापुरी बंधारा, गुऱ्हाळाचा धूर, तोडणीवाल्यांच्या खोपी, आणि ऊस. सगळी चित्रे जलरंगातली, शिवारात जागेवर बसून काढलेली. गर्दी बरी होती, पण सगळी शहरातली. शेतातून आलेला माणूस एकही दिसला नाही. मनाला लागले, म्हणून हे लिहिणे.

जागेवर बसून जलरंग लावणे सोपे नाही. ऊन तासाभरात सरकते. कागद ओला आहे तोवरच रंग पसरतो, वाळला की दुरुस्ती जवळजवळ नाहीच. पांढरे दाखवायचे तिथे बहुधा कागदच कोरा सोडतात, म्हणजे काय सोडायचे ते आधीच ठरलेले हवे. वाफसा साधून पेरणाऱ्याला हे वेगळे समजवायला नको.

आपण ‘हिरवागार ऊस’ म्हणतो आणि मोकळे होतो. तिथे एकेका चित्रात पाच-सहा तऱ्हेचे हिरवे. एका फडाच्या कडेला पानांवर फिकट पिवळट-पांढरे पट्टे होते. तो केवडा! चुनखडीच्या जमिनीत पिकाला लोह मिळत नाही तेव्हा पडतो तो. दुसऱ्या चित्रातला ऊस इतका काळपट हिरवा, की “युरिया जरा जास्तच झालाय बघा” असे माझ्या तोंडून निघून गेले. शेजारचे गृहस्थ बघतच राहिले. चित्रकाराला केवडा हा शब्द ठाऊक असेल नसेल, पण त्याने तो पाहिला होता. आपल्यातले कितीजण बांधावरून मोटारसायकल न थांबवता पीक ‘बघून’ येतात, ते मी रोज पाहतो.

सगळ्यांत मोठे चित्र तुऱ्याचे होते. संध्याकाळचे ऊन, आणि सगळा फड रुपेरी तुऱ्यांनी भरलेला. लोक हलत नव्हते तिथून. माझ्या मात्र पोटात गोळा आला. तुरा आला की उसाची वाढ थांबते. दोन महिन्यांच्या आत तुटला नाही तर पांगशा फुटतात, कांडी पोकळ पडते, वजन आणि उतारा दोन्ही जातात. चित्र खोटे नव्हते. तुरा सुंदर दिसतोच. त्या फडाच्या मालकाला तोड कधी मिळाली, एवढेच चित्रात नव्हते.

एका लहान चित्रापाशी मी जास्त वेळ थांबलो. नदीकाठचे रान, त्यावर पांढरा थर, मधूनमधून उसाची खुरटी बेटे. एक बाई त्याला दव म्हणाल्या. ते दव नव्हे, मीठ होते. पाटाने भरमसाट पाणी आणि निचरा नाही, म्हणून क्षारपड झालेली जमीन. माझ्या अहवालात असा तुकडा म्हणजे गट नंबर, सामू आणि क्षारांचा आकडा. चित्रात त्याच्या पलीकडे घर होते, दारात रिकामी बैलगाडी होती. सच्छिद्र पाइपच्या निचऱ्यावर मी पुष्कळ व्याख्याने दिली आहेत. त्या चित्रापुढे उभे राहून दिले असते तर निम्म्या वेळात काम झाले असते.

कोल्हापूरला ही परंपरा जुनी आहे. शाहू महाराजांनी आश्रय दिलेले दरबारी चित्रकार आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून परत आले आणि इथलीच तळी, इथलाच नदीकाठ रंगवत राहिले. १९२२ साली महाराज गेले तेव्हा दुःखाच्या भरात त्यांनी आपली कितीतरी चित्रे कोटितीर्थाच्या तळ्यात टाकली, असे सांगतात. १९३१ साली ते वारले. बाबूराव पेंटरही मूळचे चित्रकारच; त्यांनी १९२५ साली ‘सावकारी पाश’ काढला, शेतकऱ्याची जमीन जाते त्याची गोष्ट. आबालालांच्या काळची पंचगंगा आज कशी झाली आहे ते आपण जाणतो, आणि त्यात साखर धंद्याचाही वाटा आहे.

माझी सूचना अशी, की वार्षिक सभेच्या दिवशी किंवा ऊस पीक परिसंवादाला अशी वीस-पंचवीस चित्रे कारखान्याच्या सभागृहात मांडावीत. विकत घ्या असे म्हणत नाही, दोन दिवस मागून आणावीत. “याने टनाला दर किती वाढणार?” असे कोणी विचारील. काही नाही वाढणार. पण ऑफिसात परदेशी धबधब्यांची कॅलेंडरे लावतो, त्यानेही वाढलेला नाही.

तोवर, गूळ घेऊन मार्केट यार्डात जाल (कारखान्याच्या सभासदाने गूळ करावा का, हा विषय पुढच्या अंकात), तेव्हा टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात डोकावा. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे. सिनेमातले चंद्रकांत तुम्हाला ठाऊक, त्यांची निसर्गचित्रे तिथे आहेत. पोरांना बरोबर न्या, आणि कोणत्या चित्रात कोणते पीक आहे ते त्यांना ओळखायला लावा.

— ऊस विकास अधिकारी