नक्की ना?

नोव्हेंबर उजाडला, की बँकेत जिवंत माणसांची रांग लागते. एरवीही रांगेत जिवंतच माणसं असतात म्हणा. पण नोव्हेंबरातल्या रांगेला तसा पुरावा द्यावा लागतो. हयातीचा दाखला दिला नाही तर पेन्शन थांबतं. ऐंशी ओलांडलेल्या सरकारी पेन्शनरांना तर ऑक्टोबरपासूनच जिवंत असण्याची सवलत आहे. आजोबा समोर उभे असतात, पंख्याखाली बसायला जागा द्या म्हणून भांडतात. तरी यंत्रावर अंगठा उमटेपर्यंत ते आमच्या लेखी ना इकडचे, ना तिकडचे. यापायी लोक आम्हां कारकुनांना मनसोक्त शिव्या घालतात. घालोत बापडे! पण मी म्हणतो, हा एवढा एक गुण बातम्या देणाऱ्यांनी आमच्याकडून उसना न्यावा. बिनव्याजी देतो.

११ नोव्हेंबर २०२५ चंच बघा. धर्मेंद्र आजारी होते. सकाळी सकाळी काही वाहिन्यांनी त्यांना परस्पर स्वर्गात पोचवून टाकलं. श्रद्धांजल्याही सुरू झाल्या. शेवटी हेमा मालिनी आणि लेक ईशा यांना जाहीर सांगावं लागलं, की ते आहेत आणि उपचारांना साथ देताहेत. म्हणजे ज्यांनी उशाशी बसायचं, त्यांनीच जगापुढे हयातीचा दाखला भरायचा! तेरा दिवसांनी, २४ नोव्हेंबरला, ते खरोखरच गेले. तेव्हा आमच्या घरात पहिला शब्द ‘अरेरे’ नव्हता, ‘नक्की ना?’ हा होता. ज्याच्या सिनेमांना शिट्ट्या मारल्या, त्याच्यासाठी हळहळण्याआधी खात्री करून घ्यावी लागली, याचा मला खरा राग आहे.

यावर बचाव ठरलेला : ‘सूत्रांकडून कळलं.’ ही सूत्रं राहतात कुठे, खातात काय, कुणाला ठाऊक नाही. ‘खातेदार वारल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजले, सबब रक्कम वारसास अदा केली’ असा शेरा मी मारला, तर संध्याकाळपर्यंत माझी नोकरीच वारेल. आम्हांला मृत्यूचा दाखला लागतो. आणि तोही नुसता ऐकून चालत नाही, बघावा लागतो.

दुसरा बचाव : असं पूर्वीही व्हायचं. व्हायचं खरं. २२ मार्च १९७९ रोजी साक्षात पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत जयप्रकाश नारायण गेल्याचं सांगितलं. जयप्रकाश तेव्हा मुंबईच्या जसलोक रुग्णालयात हयात होते, आणि पुढे ८ ऑक्टोबरपर्यंत राहिले. पण चूक जुनी झाली म्हणून तिची वहिवाट होत नाही. उलट, एवढं मोठं उदाहरण समोर असताना शहाणपण यायला सेहेचाळीस वर्षं पुरू नयेत?

बरं, इतकं मागे जायलाही नको. २ फेब्रुवारी २०२४ ला पूनम पांडे यांच्या खात्यावरून त्या कर्करोगाने गेल्याचं जाहीर झालं आणि सगळीकडे छापून आलं. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः हजर! म्हणे, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल जागृती करायची होती. दुधाने तोंड पोळलं, की माणूस ताकही फुंकून पितो. आमच्या या मंडळींनी दोन वर्षांच्या आत पुन्हा उकळतं दूधच तोंडाला लावलं.

बँकेत चुकीची नोंद झाली, तर उलट नोंद करून हिशेब जुळवता येतो. गावाकडच्या एखाद्या म्हाताऱ्या नातेवाइकाने टीव्हीवर ती बातमी बघून हंबरडा फोडला, तर त्याची उलट नोंद कुठल्या वहीत करायची?

तेव्हा, सर्वांत आधी बातमी देणाऱ्यांनो, तासभर थांबा. घरचं कुणी बोलू द्या. बातमी तासाभराने कळली, तर आम्हां प्रेक्षकांचं काडीचंही अडत नाही. आणि थांबणं अगदीच जमत नसेल, तर जेवणाच्या सुट्टीत आमच्या काउंटरवर या. ती सवय आम्ही भल्याभल्यांना लावली आहे.