मीरा रोडच्या मेडिकलमधल्या गोळीची किंमत अँटॉप हिलच्या ऑफिसात कशी ठरते?

मीरा रोड स्टेशनबाहेर पडलं की दर चार दुकानांमागे एक मेडिकल. तापाची गोळी हवी असेल तर काही रुपयांत काम होतं. पण चिठ्ठीवर कॅन्सरचं औषध असेल, तर बिल बघून घरातलं सोनं मोडायची वेळ येते. एवढी महाग गोळी म्हणजे बनवायलाही तेवढाच खर्च येत असणार, असं आपण धरून चालतो.

पण विषय तसा नाहीये. एकाच औषधाचा महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८८० रुपयांवर आलेला मुंबईने पाहिलाय. गोळीतलं औषध तेच होतं. बदलला होता फक्त ते विकायचा हक्क.

नेमकं काय झालं होतं?

औषधाचं नाव सोराफेनिब. यकृत आणि मूत्रपिंडाच्या बळावलेल्या कॅन्सरवर ते दिलं जातं. जर्मनीची बायर कंपनी ते ‘नेक्साव्हर’ नावाने विकायची. महिन्याच्या १२० गोळ्या, किंमत २,८०,४२८ रुपये. २००८ मध्ये बायरला भारतात पेटंट मिळालं होतं.

हैदराबादच्या नॅटको कंपनीने बायरकडे परवाना मागितला. तो मिळाला नाही, म्हणून २०११ मध्ये नॅटकोने पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली अर्ज केला. पेटंट मिळून तीन वर्षं झाली आणि औषध लोकांना पुरेसं मिळत नसेल, परवडत नसेल किंवा त्या पेटंटचा भारतात वापरच होत नसेल, तर सरकारी यंत्रणा दुसऱ्या कंपनीला ते बनवायची परवानगी देऊ शकते, असं हे कलम सांगतं. यालाच सक्तीचा परवाना म्हणतात.

९ मार्च २०१२ ला पेटंट नियंत्रक पी. एच. कुरियन यांनी मुंबईच्या पेटंट ऑफिसातून निकाल दिला. हे ऑफिस अँटॉप हिलला आहे. गरज असलेल्या रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत बायरचं औषध पोहोचत होतं, असं निकालात म्हटलं होतं. नॅटकोला परवाना मिळाला. अट अशी की महिन्याच्या डोसला जास्तीत जास्त ८,८८० रुपये घ्यायचे आणि विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी बायरला द्यायची. पुढे अपिलात ही रॉयल्टी ७ टक्के झाली. १५ जुलै २०१४ ला मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बायरची बाजू ऐकून घ्यायला नकार दिला.

मग एवढी किंमत लावतातच का?

कंपन्या म्हणतात, संशोधनाला वर्षानुवर्षं लागतात आणि बरीच औषधं चाचण्यांतच बाद होतात. तो खर्च कुठून तरी निघायलाच हवा. हे खरंय. पण नॅटकोही धर्मादाय संस्था नव्हती. ८,८८० रुपयांत रॉयल्टी देऊनही तिला धंदा परवडणार होता, म्हणून तर ती तीन वर्षं कोर्टात लढली.

मुद्दा मक्तेदारीचा आहे. २००५ पासून भारतात थेट औषधावर २० वर्षांचं पेटंट मिळतं. तोवर विकणारा एकच असतो, आणि जीव वाचवायचा असलेला माणूस घासाघीस करत नाही.

पुन्हा असं का झालं नाही?

सोराफेनिब हा कलम ८४ खाली मिळालेला पहिला आणि आजवरचा एकमेव परवाना. कॅन्सरच्या डॅसाटिनिबसाठीचा अर्ज २०१३ मध्ये फेटाळला गेला, तर मधुमेहाच्या सॅक्साग्लिप्टिनसाठीचा २०१६ मध्ये.

दुसरा एक रस्ता मात्र उपयोगी पडला. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन यांनी स्वतः टीबीशी लढताना औषधांच्या दुष्परिणामामुळे ऐकण्याची शक्ती गमावली होती. दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांच्यासोबत त्यांनी २०१९ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका पेटंट अर्जाला हरकत घेतली. औषध होतं बेडाक्विलिन, जे औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर वापरतात. मूळ पेटंट २०२३ मध्ये संपणार होतं, नवा अर्ज मक्तेदारी २०२७ पर्यंत लांबवणारा होता. २३ मार्च २०२३ ला तो फेटाळला गेला, आणि इतर कंपन्यांना स्वस्त बेडाक्विलिन बनवायचा रस्ता मोकळा झाला.

पेटंट संपलं की स्वस्ताई येते?

दरवेळी नाही. आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असलेल्या औषधांना सरकार कमाल किंमत ठरवून देतं. यादीबाहेरच्या औषधांची एमआरपी कंपनी ठरवते. तिला बंधन एवढंच, की वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची नाही. कंपनीचा दर आणि एमआरपी यातलं अंतर कधीकधी डोळे पांढरे करणारं असतं. म्हणूनच फेब्रुवारी २०१९ मध्ये कॅन्सरच्या ४२ औषधांवर व्यापारी नफ्याची मर्यादा ३० टक्के ठरवावी लागली.

आपल्या हातात काय आहे?

डॉक्टरांना औषधाचं शास्त्रीय नाव लिहायला सांगा आणि त्याचा जेनेरिक पर्याय चालेल का, हेही विचारा. जन औषधी केंद्रात चौकशी करा. ‘फार्मा सही दाम’ ॲपवर सरकारने ठरवलेली किंमत तपासता येते. ब्रँड मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

पण जे औषध एकच कंपनी विकते, तिथे ग्राहकाची हुशारी चालत नाही. तिथे कायद्यातलं कलमच वापरावं लागतं, आणि ते १४ वर्षांपूर्वी एकदाच वापरलं गेलंय.