नगर हवेलीतले कुपोषण : भिंतीवर उपदेश, खात्यात पैसे

दादरा-नगर हवेलीचा प्रदेश अवघा ४९१ चौरस किलोमीटरचा; पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात रक्तक्षयाच्या यादीत तो देशात सर्वांत वर होता. १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ७९.५ टक्के आणि पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ८४.६ टक्के रक्तक्षयाने ग्रस्त होती; ४१.७ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली. हे सारे सिल्वासाच्या आसपास, जिथे करसवलतींच्या जोरावर प्लास्टिकचे आणि सुताचे कारखाने दाटीने उभे राहिले.

हे कोडे सोडवल्याचा दावा करणारा एक पक्ष आहे. गावाला रस्ता आहे, रेशन आहे, कंपनीत काम आहे. तरी मूल खुरटते ते आईबापांच्या अडाणीपणामुळे, असे त्याचे म्हणणे. उपाय असा की शिबिरे घेऊन आहार शिकवावा, धान्याऐवजी खात्यात पैसे टाकावेत आणि पुढचे बाजारावर सोडावे. उरलासुरला दोष ताडीच्या माथी. या मांडणीत कोणाचे काही जात नाही, व्याख्यात्याला मात्र मानधन मिळते.

ताडीचा मुद्दा एका वाक्याचा आहे. दारू मजुरी खाते तशीच ती शहरातला पगारही खाते, पण तिथे त्याला आहारशास्त्र म्हणत नाहीत.

पैशांचा प्रयोग तर याच प्रदेशात झाला आहे. मार्च २०१६ पासून इथल्या शहरी भागात धान्याऐवजी अनुदान खात्यात जमा होऊ लागले. नियमाप्रमाणे रक्कम ठरते ती किमान आधारभूत किमतीच्या सव्वापटीतून रेशनचा दर वजा करून. म्हणजे हिशेब सरकारी भावाने आणि खरेदी वाण्याच्या भावाने. हीच सोय दुधनी-मांदोनीच्या पाड्यांवर नेली तर बँक आणि बाजार या दोन्ही फेऱ्यांचे भाडे त्याच रकमेतून जाईल.

खरा समाचार घ्यायचा तो अडाणीपणाच्या आरोपाचा. वारली, कोकणा, धोडिया, काथोडी यांचे जुने जेवण म्हणजे नागलीची भाकर, वरई, उडीद-तूर, खुरासणीचे तेल, पावसाळ्यात रानभाज्या, खाचरातल्या चिंबोऱ्या आणि मासे, आठवडे बाजारातली सुकट. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्राम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. शिबिरातल्या तक्त्यावर आज भरडधान्याचे जे कौतुक छापलेले असते, ते या घरांच्या चुलीवर पिढ्यान्‌पिढ्या शिजत होते. शेवळाने घसा खाजतो म्हणून त्यात काकडे घालायची, कडूकंद राख घालून उकळायचा आणि रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवायचा, हे ज्या बाईला तिच्या आईने शिकवले, तिच्यासाठी अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवलेले असते : ‘अंडी, दूध, फळे खा.’ तिला अंडे पौष्टिक असते हे ठाऊक आहे. घरच्या कोंबडीचे अंडे ती विकते, कारण तेल-मीठ त्यातूनच येते.

मग हे ताट गेले कुठे? दमणगंगेवरच्या मधुबन धरणाच्या जलाशयाने नदीकाठची शेते पोटात घेतली. नागली वरकस उतारावर पिकते. राब भाजणे, लावणी, बेणणी, झोडपणी एवढी मेहनत तिच्यामागे असते, आणि रेशनचा तांदूळ तिच्यापेक्षा स्वस्त पडतो. घरातली माणसे कंपनीत गेल्यावर उतार पडीक राहतो. लहान मुलाला दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे भरवावे लागते. आई ठेकेदाराच्या पाळीला गेली की भरवणारी उरते आठ वर्षांची बहीण. तिचे प्रबोधन कोणत्या शिबिरात करणार?

हा वाद नवा नाही. १९९२-९३ मध्ये शेजारच्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला मुले दगावली, तेव्हाही मृत्यू भुकेचा की आजाराचा यावर खल झाला. कुपोषित मूल गोवराने किंवा जुलाबाने जाते, म्हणून दोष गोवराचा, असा तो युक्तिवाद. आज गोवराच्या जागी अज्ञान आले आहे. शिवाय २०१९-२० च्या सर्वेक्षणात स्त्रियांतला रक्तक्षय ६२.५ टक्क्यांवर आल्याचा दाखला आनंदाने दिला जातो. तो आकडा दमण-दीवसह एकत्रित प्रदेशाचा आहे, एवढे सांगायचे मात्र राहून जाते.

करण्याजोगे काय, हे शोधायला दूर जावे लागत नाही. २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा रेशनवर तांदूळ, गहू आणि भरडधान्याचा हक्क देतो. डाळ आणि तेल त्यात नाही. ती जोडावीत, आणि भरडधान्य म्हणून इथल्याच उतारावरची नागली हमीभावाने घ्यावी. महाराष्ट्राने २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी अमृत आहार योजना सुरू केली. तीत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे ताजे पूर्ण जेवण मिळते. तिथेही बिले थकतात, अंडी वेळेवर येत नाहीत. तरी शिजलेले जेवण त्या बाईच्याच पोटात जाते, घरभर वाटले जात नाही. अंगणवाडीची वेळ कंपनीच्या पाळीशी जुळवून तिथे पाळणाघर चालवता येईल. आणि या जमातींत सिकलसेल आढळतो, म्हणून लोहाच्या गोळ्या सरसकट वाटण्यापूर्वी रक्ताची तपासणी हवी. तिथे रक्तक्षयाचे कारण ताटात नसून रक्तपेशीत असू शकते.