गळ आणि ब्लीचिंग पावडर

गळ टाकणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, असे परवा वर्गात कुणीसे म्हणाले. मला हे मान्य नाही. वैशाखऱ्याचे माझे बाबा शाळेची पायरी चढले नाहीत. पण गढूळ पाण्यात गांडूळ, नितळ पाण्यात कणकेची गोळी, वांबीसाठी शिसे वाढवून गळ तळाशी, हे ते जाणतात. (समुद्रातल्या लेपालाही तळच हवा, दोन्ही डोळे एकाच अंगाला असलेला तो मासा वाळूत पडून वर पाहतो.) आमिष माशाच्या सवयीवरून ठरते. आणि आम्ही शिकलेली पोरे? उन्हाळ्यात काळूच्या डोहात ब्लीचिंग पावडर ओततो. पिल्लेसुद्धा पांढरी पोटे वर करून तरंगतात. गेल्या मे महिन्यात त्या टोळीत मीही होतो. बाबा काही बोलले नाहीत. दोरी गुंडाळून त्यांनी गळ आढ्याला खोचला. तो अजून तिथेच आहे.